पिळाचा जोड

सावळीराम टर्लेकडं बंद पडलेली गाडी नेली की आधी चावी काढून त्याच्या हातात द्यावी लागते. ती तो सदऱ्याच्या खिशात टाकतो आणि मालकाला विचारतो, "काल काय केलं?"

गाडीला काय झालं, असं तो विचारत नाही. त्याच्या मते गाडीला काय झालं ते गाडी सांगतेच. मालकानं काय केलं ते मालक सांगत नाही. कुणी शेतातली मोटर चालू करून इंजिन धुतलेलं असतं, कुणी मेव्हण्याकडून टेप बसवून घेतलेला असतो, कुणी फ्यूज उडाला म्हणून सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून लावलेली असते. "काहीच नाय केलं मामा, नुसती उभी होती," असं म्हणणाऱ्याच्या गाडीला सगळ्यात जास्त वेळ लागतो, हे त्यानं पाहून ठेवलंय.

सातपूरला एमआयडीसीच्या मागच्या अंगाला, टायरवाल्याच्या शेजारी त्याचं पत्र्याचं दुकान. गाडीतलं विजेचं जे काही असेल ते तो करतो. स्टार्टर, दिवे, हॉर्न, बॅटरी, वायरिंग. इंजिन उघडत नाही. वय अठ्ठावन्न, अंगानं काटकुळा, डोळ्यांवर दोरी बांधलेला चष्मा. लोक त्याला वायरिंगवाले मामा म्हणतात.

दुकान काढायच्या आधी तो बावीस वर्षं सातपूरच्याच एका कारखान्यात होता. तिथं गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे तयार व्हायचे. त्यातली शेवटची अकरा वर्षं तो तपासणीला बसला. समोरून पट्ट्यावर जुडगा सरकत यायचा, प्रत्येक जोड चिमटीत धरून ओढायचा. निघाला तर लाल चिठ्ठी, टिकला तर पुढं. दिवसाला हजारभर जोड ओढून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना घट्टे पडले, ते अजून आहेत. पुढं ते काम दुसऱ्या राज्यात गेलं. सावळीराम गेला नाही.

कारखाना सुटला तरी ओढायची सवय सुटली नाही. दुकानात वायर जोडली की तो कथलाचा डाग देतो, म्हणजे सोल्डर करतो, आणि वर प्लास्टिकची नळी चढवायच्या आधी मालकाला बोलावतो.

"ओढ."

मालक बिचारा भीत भीत हात लावतो.

"कुंकू लावतो का रं? वासराचं दावं ओढल्यागत ओढ."

मालक ओढतो. जोड निघत नाही. मग नळी, मग पट्टी, मग पट्टीचं टोक सुटू नये म्हणून वरून दोऱ्याची गाठ. ही दोऱ्याची गाठ त्याची खूण. सातपूरपासून गिरणाऱ्यापर्यंत कुठल्याही गाडीखाली ती दिसली की दुसरे मिस्तरी म्हणतात, हे टर्लेचं काम हाय, इथं शोधू नका, फॉल्ट दुसरीकडं असंल.

जे मिस्तरी वायरीला नुसता पीळ मारून वर पट्टी गुंडाळतात त्यांना तो 'चिकटपट्टी' म्हणतो. त्याच्या तोंडी यापेक्षा मोठी शिवी नाही. गिरणाऱ्याकडच्या पुंजा थेट्यांनी एकदा ट्रॅक्टर दुसऱ्याकडून करून घेतला आणि तो तीन दिवसांत बंद पडला म्हणून ह्याच्याकडं आणला. सावळीरामनं वायर उपसली, तिचा पीळ चार माणसांत धरून दाखवला आणि म्हणाला, "पुंजाबाबा, हे करणारा चिकटपट्टी, आन् करून घेणारा त्याच्याहून." थेटे तेव्हा हसले. पण विसरले नाहीत.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दीपक पिंगळेचा फोन आला. दीपकची वस्ती गिरणाऱ्याच्या अलीकडं, रस्त्याला लागूनच. टमाट्याची पाच एकर शेती आणि माल न्यायला स्वतःची पिकअप.

"मामा, गाडी बोलंना."

"म्हंजी?"

"चावी फिरवली तर टक्क बी नाय करत. माल खुडून ठेवलाय, दुपारपोत मार्केटला न्यायचाय."

"काल काय केलं?"

दीपकनं आवाज खाली केला. मग म्हणाला, "मी नाय केलं. आईनं केलं."

सावळीराम मोपेडवर सामानाची पिशवी अडकवून निघाला. गंगापूर गाव, दुगाव करत वस्तीवर पोचेतो साडेआठ झाले. पिकअप अंगणातच होती. तोंडाला झेंडूची माळ, काचेवर ओल्या कुंकवानं काढलेलं स्वस्तिक, बॉनेट उघडं. दीपक तिच्याभोवती येरझाऱ्या घालत होता. ओट्यावर त्याची बायको हर्षाली चहाची भांडी आवरत होती. पुंजा थेटे शेजारच्या मळ्यातून आलेले, हात मागं बांधून इंजिनात डोकावत होते. आणि दाराच्या चौकटीला टेकून दीपकची आई चतुराबाई उभी होती. सत्तरीची बाई, डोक्यावरून पदर.

"विचारा तिला," दीपक म्हणाला. "सांग आता मामांना."

मग दीपकनंच सांगितलं. काल गाडीची पूजा झाली. हळद, कुंकू, आपट्याची पानं, सगळं झालं. सगळे लोक नारळ फोडून पाणी चाकावर नाहीतर बॉनेटवर घालतात. आईनं बॉनेट उघडायला लावलं आणि अख्ख्या नारळाचं पाणी आत इंजिनावर ओतलं.

"का बरं आक्का?" सावळीरामनं विचारलं.

"आमच्या ह्यांनी विहिरीवर इंजिन बसवलं, तवापासून त्याच्या डोक्यावरच घालायचे," ती म्हणाली. "पत्र्यावर घालून कोणाला पोचतं? जो राबतो त्याच्या अंगावर नको का पडायला?"

"आई, ते डिझेलचं इंजिन होतं. त्याला हँडल मारायचे. त्याच्यात वायर नव्हती एक."

"मला काय ठाव."

"तुला ठाव नसतं तर करू नको ना. पुढल्या दसऱ्याला हर्षाली करील पूजा. तू गाडीजवळ यायचं नाय."

हर्षालीनं भांड्यांतून मान वर केली नाही. थेटे म्हणाले, "आरं, म्हातारीला कशाला बोलतो? देवाला वाटलं आसंल, एक दिस पोरगं घरी बसू दे."

सावळीरामनं दीपककडून चावी घेतली. आत बसून दिवे लावले. दिवे लख्ख. मग दिव्यांकडं बघत चावी स्टार्टला फिरवली. दिवे मंद झाले नाहीत, आवाजही नाही. चावी काढून खिशात टाकत तो खाली उतरला.

"बॅटरी उतरली का?" दीपकनं विचारलं.

"बॅटरीला काय झालं नाय. स्टार्टरनं करंट मागितलाच नाय. मागितला असता तर दिवे झुकले असते."

त्यानं पिशवीतून आपली बत्ती काढली. बारका बल्ब, त्याला दोन वायरी, एकीला चिमटा, दुसरीला सुई. कारखान्यातून सुटला तेव्हा स्वतःच बनवलेली. फ्यूजच्या डब्याचं झाकण उघडलं. आत नारळाचं पाणी गेलंच होतं, वाळून चिकट झालेलं. मुंग्या लागल्या होत्या.

"बघा," दीपक म्हणाला. "मुंग्या. काय सांगत होतो मी?"

चतुराबाई चौकटीपासून दोन पावलं पुढं आली आणि तिथंच थांबली.

सावळीरामनं मुंग्या फुंकल्या, कापड ओलं करून डबा पुसला, स्टार्टरचा रिले उपसून पाहिला. काड्यापेटीएवढा चौकोनी ठोकळा; चावी फिरवली की स्टार्टरकडं करंट सोडायचं काम त्याचं. त्याचे पाय स्वच्छ होते. परत बसवला. दीपकला चावी दिली, फिरवायला सांगितलं आणि सुई रिलेच्या पलीकडच्या टोकाला लावली. बत्ती पेटली.

"इथंपोत येतंय," तो स्वतःशीच म्हणाला आणि त्यानं चावी परत घेऊन खिशात टाकली.

मग एक सुटी वायर घेऊन त्यानं बॅटरीवरून थेट स्टार्टरच्या बारक्या टोकाला टेकवली. स्टार्टर घुर्र करून फिरला.

"झालं की," दीपक म्हणाला. "असंच चालू करून द्या मामा, मी मार्केट गाठतो."

"आन् मार्केटात बंद केल्यावर? टमाटे उतरायचे सोडून बॉनेटात घुसणार का?"

म्हणजे स्टार्टर चांगला, रिले चांगला. मधली वायर राहिली. ती फ्यूजच्या डब्यातून निघून चाकाच्या बाजूनं खाली उतरते. सावळीरामनं गोणपाट मागितलं, जमिनीवर अंथरलं आणि पाठीवर झोपून गाडीखाली सरकला.

खालून त्याला माणसं दिसत नव्हती, पाय दिसत होते. दीपकचे बूट, थेट्यांच्या वहाणा, आणि जरा मागं चतुराबाईचे अनवाणी पाय, टाचा फुटलेल्या.

वायर त्यानं चिमटीत धरली आणि सरकवत आला. वीतभर खाली पट्टी लागली. पट्टीच्या टोकाला दोऱ्याची गाठ होती.

पट्टीला धरून त्यानं ओढलं. वायर दोन तुकडे होऊन हातात आली. पट्टीच्या आत नळी नव्हती, कथील नव्हतं. नुसता पीळ, आणि तांबं हिरवं पडून त्याची भुकटी झालेली. ती त्याच्या चष्म्यावर सांडली.

काम त्याचं होतं. श्रावणातलं. उंदरांनी वायरी कुरतडल्या म्हणून दीपक गाडी घेऊन दुकानात आला होता. बाहेर पाऊस, आणि त्या आठवड्यात गल्लीची डीपी जळालेली; तीन दिवस वीज नव्हती. सोल्डरची सळई तापत नव्हती. शेजारच्या चहावाल्याच्या शेगडीवर ती तापवता आली असती. पूर्वी त्यानं तसं केलंही होतं. वीस मिनिटं गेली असती. दारात चार गाड्या उभ्या होत्या, दीपक टमाटे भिजतात म्हणून घाई करत होता. सावळीरामनं चार वायरींना पीळ मारला, पट्टी गुंडाळली आणि वर सवयीनं गाठ दिली. "ओढ" म्हणाला नव्हता. दीपकनं विचारलं, "झालं का पक्कं?" आणि तो म्हणाला होता, "झालं."

"सापडलं का मामा?" वरून दीपकचा आवाज आला. "पाण्यानंच ना?"

सावळीराम हातातल्या तुकड्यांकडं बघत राहिला. तांब्याला असा हिरवा रंग एका रात्रीत चढत नाही. त्याला दोन-तीन महिने पावसाचं पाणी खावं लागतं. पण हे गाडीखाली झोपलेल्या माणसाला माहीत. वर उभ्या असलेल्यांपैकी कुणाला नाही.

"हं," तो म्हणाला.

"ऐकलं का?" दीपक आईला म्हणाला.

चतुराबाईचे पाय हलले नाहीत. "ऐकलं," ती म्हणाली. "नाय येत गाडीजवळ."

सावळीरामनं पकडीनं तो सडका जोड दोन्हीकडून तोडला आणि चावीच्याच खिशात टाकला. मग बाहेर येऊन घरातून विजेचा बोर्ड ओढायला लावला, सळई तापवली, नवा तुकडा घेऊन पुन्हा खाली गेला. चारही वायरी त्यानं परत केल्या. एक तुटली होती, तीन तुटायच्या होत्या. कथील वितळून तांब्यात शिरलं तसा राळेचा धूर झाला. डोळे चुरचुरले.

नळी चढवायच्या आधी तो थांबला. दीपक फोनवर मार्केटातला भाव विचारत होता.

"आक्का," सावळीरामनं खालून हाक मारली. "जरा इकडं या."

"मला नाय म्हणलंय त्यानं."

"मी बोलावतोय ना. बसा खाली. हात घाला आत. ही वायर धरा. आता ओढा."

चतुराबाईनं चाकाजवळ बसून हात घातला. एरवी ह्या ठिकाणी लोक भीत भीत ओढतात. तिनं विहिरीतनं दोर ओढावा तशी ओढली. गाडीच्या पत्र्याला तिचं कोपर आपटलं.

"निघंना," ती म्हणाली.

"निघायची नाय."

नळ्या, पट्ट्या, गाठी झाल्या. सावळीरामनं चावी दीपकला दिली. पहिल्याच फिरवणीला गाडी चालू झाली. धूर अंगणभर पसरला आणि ओट्याखालच्या कोंबड्या पळाल्या.

"माणूस पाहिजे तर असा," थेटे म्हणाले. "मला चिकटपट्टी म्हणाला होता हा. चार लोकांत. लय राग आला होता भो. पण तवापासून दुसऱ्याकडं ट्रॅक्टर नेला नाय. टर्लेनं गाठ मारली म्हंजी मारली."

हर्षालीनं चहा आणला. सावळीराम ओट्याच्या कडेला बसून प्याला. थेटे बोलत होते, तो मान हलवत होता. चतुराबाई काचेवरचं स्वस्तिक फडक्यानं पुसत होती. खरं तर ते पुसायचं नसतं, वाळून आपोआप जाईस्तोवर ठेवायचं असतं.

"राहू द्या ना आत्याबाई ते," हर्षाली म्हणाली.

"समोरचं दिसत नाय त्याला," म्हातारी म्हणाली. "त्याला बी माझाच दोष निघायचा."

सावळीरामनं बशी खाली ठेवली, पिशवी उचलली, दीपकचा निरोप घेतला. मोपेडवर बसून पायडल मारलं. मोपेड चालू झाली. ती त्यानं बंद केली, स्टँडवर लावली आणि ओट्याकडं परत आला. खिशातला सडका जोड काढून चहाच्या ताटलीत कपाशेजारी ठेवला.

"हे काय?" दीपक म्हणाला.

"इथं वायर तुटली होती."

दीपकनं उचलून पाहिला. थेट्यांनी त्याच्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ नेला. पीळ त्यांनी लगेच ओळखला. तो कसा दिसतो हे त्यांना एकदा चार माणसांत दाखवलेलं होतं.

"कोणाचं काम हे?" ते म्हणाले.

"माझं. श्रावणात केलेलं. वीज नव्हती, पीळ मारून दिला. हा हिरवा रंग दिसतो ना, तो पावसाचा हाय. नारळाच्या पाण्यानं काल रात्री डब्यात मुंग्या आल्या, तेवढंच. आक्कांनी पाणी घातलं नसतं तरी गाडी आज नाय तर उद्या बंद पडलीच असती."

पिकअप तशीच चालू होती. थेट्यांनी तुकडा उलटा करून दुसऱ्या बाजूनं पाहिला. मग हसू लागले, आधी नाकातनं, मग तोंड उघडून.

"म्हंजी मिस्तरी," ते म्हणाले, "तुमी बी चिकटपट्टी."

"हो."

"आन् हा दीपक करून घेणारा. त्याच्याहून."

"त्याला मी पक्कं म्हणून सांगितलं होतं. त्याचा काय दोष नाय."

"जाऊ द्या मामा," दीपक म्हणाला. "होतं कधी कधी. एवढ्या गाड्या करता तुमी." तो आईकडं न बघता बोलत होता.

ते "जाऊ द्या" सावळीरामला थेट्यांच्या हसण्यापेक्षा जड गेलं. थेट्यांनी तो तुकडा परत दिला नाही. रुमालात गुंडाळून बंडीच्या खिशात ठेवला. हा आता गिरणाऱ्याच्या चावडीवर जाणार, तिथून मार्केटात, आणि मार्केटातल्या कुठल्यातरी टेम्पोवाल्याबरोबर सातपूरला आपल्या आधी पोचणार, हे सावळीरामला दिसत होतं. त्यानं तो मागितला नाही.

चतुराबाई फडकं हातात घेऊन तिथंच उभी होती. अर्धं स्वस्तिक पुसलेलं, अर्धं राहिलेलं.

"मघाशी हं म्हणाले ना तुमी," ती म्हणाली.

"म्हणालो."

"मग आता का सांगितलं?"

"तुमी लगेच कबूल झाल्या, म्हणून."

चतुराबाईनं फडकं झटकलं, खांद्यावर टाकलं आणि कुंकवाची वाटी आणायला आत गेली. दीपक तिच्या मागं दारापर्यंत गेला, तिथं घुटमळला आणि परत येऊन क्रेट चढवायला लागला.

सावळीराम दुकानात आला तेव्हा अकरा वाजून गेले होते. टायरवाल्यानं विचारलं, "काय होतं?" तो म्हणाला, "वायर." दुकान उघडून त्यानं फळीवर पिशवी ठेवली. स्टुलावर बसला आणि श्रावणातल्या त्या आठवड्यातल्या गाड्या आठवू लागला. वीज नसलेले तीन दिवस. पहिल्या दिवशी दोनच आल्या होत्या. दोन्हींचे फक्त दिवे बदलायचे होते, जोड लागला नव्हता. दुसऱ्या दिवशी दीपक, सातपूरच्या कामगारांची एक बस, आणि एकलहऱ्याला वीज केंद्रावर कामाला असलेल्या अमितची जीप. तिसऱ्या दिवशी शाळेची व्हॅन. एका खडूच्या तुकड्यानं त्यानं ही नावं पत्र्यावर लिहिली. आणखी एक होती, लाल रंगाची, येवल्याकडची. तिच्या ड्रायव्हरचं नाव काही केल्या येईना. नावाच्या जागी त्यानं 'लाल' असं लिहिलं.

शाळेच्या व्हॅनला आधी फोन लावला. ड्रायव्हर म्हणाला, संध्याकाळी पोरं सोडून येतो. बसवाल्यानं उचलला नाही. मग अमितला लावला.

"मामा, बोला. दसऱ्याचं सोनं घ्या."

"घेतलं. तुझी जीप कुठंय?"

"माझ्याखालीच हाय. एकलहऱ्याला निघालोय ड्युटीला. का हो?"

"ती घेऊन ये. वायर परत करायची."

"अहो पण काय झालंय तिला? एका चावीत उठते रोज. घोड्यागत पळती."

"पळू दे," सावळीराम म्हणाला. "मी तिला पीळ मारलाय, जोड दिला नाय. ड्युटी सुटल्यावर ये."

पलीकडं जीप कडेला घेतल्याचा आवाज आला.

"तुमी मारला? पीळ?"

"मीच. ये."

फोन ठेवून त्यानं बसवाल्याचा नंबर पुन्हा लावला.